नाकावरचा रुमाल

वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, पायाची पट्टी सोडली तेव्हा मी नाकाला रुमाल लावला, ही माझी चूक. मधुमेहाने चिघळलेल्या जखमेत डॉक्टरांनी माशीच्या निर्जंतुक अळ्या सोडल्या होत्या. त्या फक्त सडलेलं मांस खातात, त्यांच्या लाळेत जंतू मारणारी द्रव्यं असतात, पाय कदाचित वाचेल, असं ते सांगत होते. दादा माझ्याकडे बघून हसले. “तुझ्यापेक्षा ह्या बऱ्या रे. जवळ तरी बसतात.”

तेव्हापासून जेवतानासुद्धा चैन नाही. किळस ठाऊकच नसलेला जीव जखमेत उतरतो आणि पोटचा मुलगा दाराशी उभा राहतो.

पुढच्या वेळी पट्टी सुटली, तेव्हा खाली गुलाबी मांस दिसलं. मी तो पाय मांडीवर घेतला. म्हणालो, “दादा, चुकलं माझं.”