बॉलरची खांदशेकणी

इंग्लंडमधल्या कौंटी क्रिकेटचा कारभार राळेगावकडच्या एका कपाशीच्या वावरातून चालतो, असं कोणी म्हणालं तर मी तरी वाद घालणार नाही. ते वावर माझ्या साडभाऊंचं. लोक नावाजलेले खेळाडू डोक्यावर घेतात. साडभाऊंनी धरला एक कौंटीचा बॉलर, ज्याला इंग्लंडच्या संघानं कधी विचारलं नाही आणि ज्याच्या शेजाऱ्यांना तरी तो ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे. मोबाईलवर एकदा त्याला सिक्स बसलेला त्यांनी पाहिला. गडी चिडला नाही. बुटाची नाडी बांधली आणि पुन्हा तिथंच चेंडू टाकू लागला. "तासावर चालते, भाऊ," साडभाऊ मला म्हणाले, "इकडं-तिकडं तोंड घालत नाई." बैल घेतानाही ते हेच बघत, नांगराचं तास सोडत नाही ना. त्या दिवसापासून तो घरचा झाला.

मग घराला इंग्लंडची वेळ लागली. तिकडे लंच झाल्याशिवाय साडभाऊ भाकरीला हात लावीनात. तिकडे पावसानं पिचवर कव्हर पडलं, की हे मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात अंगणातल्या कुरड्यांवर ताडपत्री ओढत. कुरड्या पार आंबल्या. "तुमचा गोरा कोरडा राह्यला पाह्यजे," ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, म्हणाल्या, "आमी खातो बुरशी."

गेल्या पोळ्याला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा घर चिडीचूप होतं. बॉलरचा उजवा खांदा दुखावला होता. हा सामना धड गेला नाही तर कौंटी त्याला पुढं ठेवणार नव्हती, आणि साडभाऊंना दोन दिवस घास गोड लागत नव्हता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना जेवणाचं आवतण देतात. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यात एकच म्हातारा बैल उरलाय. त्याचे खांदे शेकून झाले आणि साडभाऊ तीच वाटी घेऊन टीव्हीपुढे आले. पळसाच्या पानानं ते पडद्यावरच्या बॉलरचा खांदा शेकू लागले. पण तो पळता माणूस, खांदा जागेवर राहीना.

"अंपायरले काहून लावून राह्यले?" ताईंनी विचारलं.

"थो मधात आला," साडभाऊ म्हणाले.

पडदा पिवळा झाला. त्या तुपामागं विकेट पडली की चौकार गेला, कोणालाच कळलं नाही. ताईंनी पदरानं पुसलं तेव्हा दोन्ही संघ उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि तो एका हातानं खांदा धरून मैदानाबाहेर चालला होता. त्यानं खेळ कायमचा सोडल्याचं कॉमेंटेटर सांगत होता.

साडभाऊंनी वाटी खाली ठेवली. मग पडद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अहो, तो रिटायर झाला," मी म्हणालो.

"आपला म्हातारा कधीचा रिटायर हाये. त्याचं आवतन बंद केलं का आपन?"



दुसऱ्या दिवशी बैलासमोर पुरणपोळी ठेवली गेली आणि एक ताट बंद टीव्हीसमोर. ते ताईंनी वाढलं होतं. भाजी निराळी दिसली म्हणून मी विचारलं, तर वर न बघता म्हणाल्या, "त्याची येगळी केली. त्याले तिखट सोसत नसन."