दारातला सूर

नांदुऱ्याच्या स्टेशनावरून मी पुण्याले सासरी निघाली, तेव्हा सनई वाजली नाही. पंचक्रोशीतल्या सगळ्या लेकी आमच्या बाच्या सनईवर सासरी गेल्या, अन् मी त्याचीच लेक, तशीच गेली. इचारलं, "बा, काऊन नाही वाजवत?" तर म्हणे, "रडणाऱ्याले फूक धरता येत नाही, पोरी."

गाडी आल्यावर त्यानं माझ्या हातात सुराची सनई दिली, भोकं मेणानं बुजवलेली. एकजण गाणं वाजवते, अन् बाजूचा हिच्यावर एकच सूर धरून बसते. पोरींनी सनईच्या भोकांवर बोटं चालवायची नाहीत, असं आम्हा वाजंत्र्यांत होतं. मले येते ते तेवढंच.

गावाकडच्यांनो, अन् माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, मले वाटलं होतं, पुण्यात तरी आपल्याले आत घेतील. गावात आपण मांडवाबाहेर बसत होतो, जेवण सगळ्यांच्या मागून. इथल्या संगीत मंडळाच्या दरवर्षीच्या जलशातही सनई दारातच, चपलांपाशी. पत्रिकेत माईकवाल्याचंही नाव, वाजंत्र्याचं नाही. मी दरवर्षी मंडळवाल्यांकडे जाऊन म्हणायची, "मंचावर एक गादी आमच्या माणसाले द्या."

"आजी, सनई मंगलवाद्य. दारातच शोभते."

"मग गणपतीबी दारातच बसवा!"

हसायचे, चहा पाजायचे, अन् वाटेले लावायचे. ह्या वर्षी मात्र हो म्हणाले. मी लगेच धाकट्या भावाले, नामाले, फोन लावला. बाच्या मागं सनई त्याच्याकडंच.

"नामा, मंचावर बसायचं रे! नाव छापून राह्यले."

तो लय वेळ हसला. मग म्हणे, "बाई, पुढचे दात गेले. फूक धरू कशी? अन् डीजे आल्यापासून सनई खुंटीवरच हाय."

"मग पोराले धाड."

"त्याले शिकवलंच नाही. दारात बसायले काऊन शिकवू?"

गादी मिळाली, पण तिच्यावर बसणारं माणूस उरलं नव्हतं.

शेवटी मीच बसली. बाची सुराची सनई लावली, डोळे मिटले, सूर धरला. थोड्या वेळानं खालून कोणीतरी म्हणालं, "आजी, सुरू कधी करताय?"

माहेर आता माझ्यासाठी एवढंच राह्यलं हाय. गाणं वाजवणारी बाजू रिकामी, अन् मी आपला सूर धरून बसलेली. रडू येत होतं, पण बाचं बोलणं आठवलं. फूक सुटू दिली नाही.