गाव सांगायचं नाही

धाकट्या आत्याला विमानाने हैदराबादला न्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी मी तिला नियम घालून दिले. पिशवी मांडीवर ठेवायची, रिक्षावाला हसला तरी आपण हसायचं नाही, कोणी दिलेलं खायचं नाही, आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे कोणाला गाव विचारायचं नाही आणि आपलं सांगायचं नाही.

शेवटच्या नियमावर आत्या एकदम उसळली. "गाव नाई इचारायचं? मंग मानसासंग बोलायचं काय?"

तिचंही बरोबर होतं म्हणा. नांदुऱ्यात माझं मोटारपंपांचं आणि पाइपांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की मी आधी त्याचं गाव विचारतो, पंपाचं नंतर. गाव कळलं की कोणाचा कोण ते विचारायचं, आणि मग कुठे ना कुठे साडूचा पुतण्या, मावशीची जाऊ, नाहीतर निदान दोघांना शिकवलेला एखादा मास्तर तरी निघतोच. असं काही निघाल्याशिवाय आमच्याकडे कोणी नीट मांडी घालून बसत नाही. आत्या तर या कामात माझ्याही दोन पावलं पुढे. शेगावला दर्शनाच्या रांगेत उभी राहिली की बारी येईपर्यंत तिला पुढच्या-मागच्या आठ जणींची माहेरं पाठ झालेली असतात.

पण मी शहाणा होतो, कारण मी एकदा फसलो होतो. पुण्याच्या स्टेशनवर एका पांढऱ्याशुभ्र शर्टातल्या माणसाने मला विचारलं होतं, "कोन्या गावचे भाऊ?" मी सांगितलं. तो म्हणाला, माझी सासुरवाडी मलकापूर. झालं, आम्ही अर्धा तास मलकापुरात फिरून आलो. मग मी त्याला माझी बॅग बघायला सांगून पाण्याची बाटली आणायला गेलो. परत आलो तेव्हा बॅग नव्हती, सासुरवाडीही नव्हती. त्या बॅगेत माझे नवे कोरे बूट होते आणि मी स्लिपरवर होतो. तशा पायांनी मी एका पंप कंपनीच्या मीटिंगला बसलो. तेव्हापासून मोठ्या शहराचं नाव काढलं की माझा हात आपोआप खिशावर जातो.

आता जाण्याचं कारण. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नाही, आणि नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मोठी आत्या, लग्नानंतर हैदराबादला गेली आणि तिथलीच झाली. दोघींचं माहेर जळगाव जामोद. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा मोठीने धाकटीला अक्षरशः कडेवर वाढवलं. फेब्रुवारीत मोठ्या आत्याच्या सुनेचा, म्हणजे माझ्या वहिनीचा फोन आला. म्हणाली, "आईंचं विसरणं फार वाढलंय. परवा मला विचारलं, तू कोणाकडे कामाला आहेस. मावशींना यायचं असेल तर आता या. उशीर नको."

आत्याने फोन ठेवला आणि जाहीर केलं, "मले वयखीन ती. सगळ्याइले इसरली तरी मले नाई इसरनार." मग कोणी विचारलेलं नसताना दिवसभर हेच सांगत फिरली. दुधवाल्यालाही सांगितलं. तिला भीती वाटत होती, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

अकोल्याला गाडी बदलून, रात्रभर बसून जाणं तिच्या कमरेला झेपणारं नव्हतं. खानदेशातल्या जळगावहून हैदराबादला लहान विमान जातं, आणि महिनाभर आधी काढलं तर तिकीटही आमच्यासारख्याला परवडतं. ते विमान तासा-दीड तासात तिकडे उतरवतं. आत्याचा यावर विश्वास बसला नाही. "एवढ्या येळात तं मोताळा येते," ती म्हणाली. मोताळा म्हणजे आमच्या शेजारचा तालुका.

विमानतळावर तिची पिशवी यंत्रातून गेली आणि अडकली. आत सरगुंडे होते. गव्हाचं पीठ काडीवर गुंडाळून, वाळवून केलेली ही वेटोळी आमच्याकडे आमरसाबरोबर खातात. मोठीला ती आवडतात म्हणून आत्याने आठ दिवस राबून केली होती. आणि तिथे गरज पडली तर ताजी करता यावीत म्हणून काड्यांची एक जुडीही बरोबर घेतली होती. यंत्रात ते काय दिसलं देव जाणे. साहेबाने काडी उचलून विचारलं, "ये क्या है?" आत्याने बोलण्याऐवजी काडी हातात घेतली आणि हवेतल्या हवेत पीठ गुंडाळून दाखवलं. मागची रांग थांबली. साहेबाने एक वेटोळं नाकाला लावलं आणि पिशवी सोडून दिली.

बायकांच्या तपासणीच्या पडद्यामागून आत्या हसत बाहेर आली. मला शंका आली. "काही बोललीस का आत?"

"ते पोरगी मनिपूरची हाये. तिची माय बी शेतात जाते."

"आत्या, काय ठरलं होतं आपलं?"

"अंगावर वर्दी होती बे तिच्या. सरकारी बाईसंग मुक्यानं उभं राहू का?"

विमान पाहून ती आणखी बिघडली. पंखांना गरगर फिरणारी पाती होती. "याले तं कुलरचा पंखा लावला," ती म्हणाली, आणि मला पुढे पळत जाऊन खिडकीच्या सीटवर रुमाल टाकायला सांगितलं. नंबर असतात म्हटलं तरी ऐकेना. शेवटी मी खरंच रुमाल टाकला. हवाईसुंदरीने तो घडी घालून मला परत दिला, तेव्हा वाटलं, खाली उतरून दुकानात जाऊन बसावं.

विमानात मात्र आत्याने शब्द पाळला. शेजारी एक मुलगी कानात इअरफोनची बोंडं घालून बसली होती. आत्या तिच्याकडे बघायची, तोंड उघडायची, माझ्याकडे बघायची आणि मिटायची. दीड तास तिचं हे चाललं होतं. खाली ढग आले, शेतं आली, तळी आली, पण तिचं लक्ष त्या मुलीकडेच. उतरताना मला म्हणाली, "बिचारी काय म्हनत असन, म्हातारीनं एक शब्द इचारला नाई."

हैदराबादला मी फोनवरून टॅक्सी मागवली, गाडीचा नंबर दोनदा जुळवला, त्याचा फोटो घरी पाठवला आणि आत्याला मागे बसवून दार लावलं. आता पाऊण तासाचाच प्रश्न होता. आत्या पाच मिनिटं गप्प बसली.

"कौन गाव के बेटा?"

झालं. ड्रायव्हर आदिलाबादकडचा निघाला. त्याला मोडकं मराठी येत होतं आणि घरी कपाशी होती. मग बोंडअळी आली, त्याच्या बहिणीचं लग्न आलं, आणि मी डोळे वटारत असताना आत्याने त्याला आमचं सगळं घर उघडून दाखवलं. आम्ही दोघेच आहोत, शहरात पहिल्यांदाच आलोय, हा भाचा पुण्यात बूट घालवून आला म्हणून घाबरून राह्यला. ड्रायव्हर एवढा हसला की पुलाखालचं वळण चुकला आणि आम्ही भलत्याच रस्त्याला लागलो. माझा हात खिशावर गेला. तो काही लुटारू नव्हता. फक्त अर्धा तास जास्त लागला आणि त्याने त्याची माफीही मागितली. पण माझं डोकं फिरायचं ते फिरलंच.

मोठ्या आत्याच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मी आत्यावर ओरडलो. "कोण कुठला, काय करायचंय तुला? सगळं जग काय तुझ्या माहेरचं आहे? विचारून मिळतं काय तुला?"

आत्याने पदर सारखा केला. "इचारलं नाई तं त्याले वाटते, आपलं त्याच्यासंग काई घेनंदेनं नाई," एवढंच म्हणाली. पिशवी तिने छातीशी घट्ट धरली होती. ती बहिणीच्या दाराला घाबरत होती, माझ्या ओरडण्याला नाही, हे मला लिफ्ट थांबल्यावर कळलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

वहिनीने दार उघडलं. मोठी आत्या खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. स्वच्छ नऊवारी, नीट विंचरलेले केस, हातात जपमाळ. आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. चेहरा पुढे केलेला, डोळे मोठे केलेले. बघ म्हणत होती, नीट बघ.

मोठीने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सभ्यपणे हसली.

"बस बाई. कोन्या गावची वो तू?"

वहिनी घाईने पुढे झाली, "आई, अहो या तुमच्या..." पण आत्याने हात वर करून तिला थांबवलं. पिशवी खाली ठेवली. तिच्या समोर जमिनीवर बसली, नीट मांडी घालून.

"जयगाव जामोदची," ती म्हणाली.

"अवो बाई!" मोठीचे डोळे चमकले. "मी बी तिथलीच. कोन्या अंगाची तू?"

"वेशीच्या अंगाची. दारात चिच होती आमच्या."

"आमच्या बी दारात चिच होती!" मोठीने खुर्चीतूनच पुढे वाकून आत्याचा हात धरला. "मंग तू माह्या लहान बहिनीले वयखत असशीन. लय चिकट पोरगी. कडेवरून उतरेच ना. वयखतं का तिले?"

"हाव," आत्या म्हणाली. "वयखतो."

"कशी हाये ती?"

"बरी हाये. तुह्यी लय आठवन काढते."

मी भिंतीकडे तोंड केलं. मोठी मात्र आता रंगात आली होती. तिने आत्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि आवाज खाली आणला.

"तिले सांगजो, मी वाट पाहून राह्यलो. पन एकटी येऊ नोको म्हना. शहरात लोक फसवतेत. कोनी आपल्या गावचं असलं, तुह्यासारखं, तं त्याच्यासंगच येजो म्हना. सांगशीन ना?"

"सांगतो," आत्या म्हणाली. "आजच सांगतो."