आबांनी घेतलेली तारीख

घरात तिला वकीलबाई म्हणत, ते अगदी लहानपणापासून. झोपायची वेळ झाली की ही थोडा वेळ वाढवून मागायची, वर कारणंही द्यायची. गुण बापाचाच. आबा एका वकिलाकडे कारकून, आणि कोर्टात पुढची तारीख मिळवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. साक्षीदार आजारी आहे, कागद यायचेत, साहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेत, असं काहीबाही सांगताना आबांचा चेहरा असा पडायचा की समोरचा तारीख देऊन मोकळा व्हायचा. घरातही तोच खाक्या. छताची गळती काढायला वर्षानुवर्षं तारखाच पडत होत्या.

आता वकीलबाई खरीच वकील व्हायला निघाली, आणि एक सोडून दोन कॉलेजांनी तिला प्रवेश दिला. एक घरामागच्याच रस्त्यावरचं, संध्याकाळी भरणारं. दुसरं रात्रभराच्या प्रवासावरचं, नावाजलेलं, राहण्याजेवणासकट शिष्यवृत्ती देणारं. यात निवडायचं ते काय, असं कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातं?

आबांचे मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की तिथेही तारीख. उद्याच्या खटल्यांची यादी, म्हणजे कोर्टातलं बोर्ड, रोज संध्याकाळी ती वाचून दाखवायची आणि आबा तोंडपाठ करायचे. नोटिसा तीच टाइप करायची. साहेबांना याचा पत्ता नव्हता. लागला असता तर आबांच्या खुर्चीत दुसरा कुणी दिसला असता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बोलत कुणीच नव्हतं. आई फक्त एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "तू जा. आमचं आम्ही बघू." पण ते तिच्याकडे न बघता.

दूरच्या कॉलेजला शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. ती रोज विषय काढायची.

"आबा, ते कॉलेजचं..."

"बघू गं, घाई काय आहे?" म्हणत आबा यादी पुढे सरकवायचे, की ही वाचायला लागायची. आतल्या आत चरफडायची. आबांचा राग यायचा, मग त्या रागाचीच लाज वाटायची. त्या दोन खोल्यांत जीव नुसता घुसमटून जायचा.

गुरुवारी तिने मनाचा हिय्या केला. यादी हातात घेतलीच नाही.

"मी जाणार आहे, आबा. उद्या होकार कळवते."

आबा चक्क हसले. "उद्याचं कशाला? कालच तुझ्या नावाने ईमेलने अर्ज पाठवलाय. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून करून घेतला. सध्या येणं शक्य नाही, महिन्याची मुदत मिळावी. कारण, वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. आणि खोटं नाही हं ते, डॉक्टरांकडे जाऊन आलोय. एकदा मला दिसायला लागलं की तू मोकळी."

फोन घेऊन ती जिन्यात गेली.

"तुम्हीच कळवलंत ना, येणं शक्य नाही म्हणून?" कॉलेजच्या ऑफिसातली बाई गोड बोलत होती. "सकाळीच पुढच्या मुलीला जागा दिली. आमच्याकडे मुदतबिदत नसते हो. पुढच्या वर्षी परत परीक्षा द्या."

ती जिन्यातच उभी राहिली. रडू येत होतं, पण आत ऐकू गेलं असतं.

ती आत आली तेव्हा आबा तिच्या जरा बाजूला बघत बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे गेले होते, तेही तिच्यासाठी.

"काय म्हणाले? दिली ना तारीख?"

"दिली, आबा. पुढच्या वर्षीची."

"वर्षाची? मी तर महिनाच मागितला होता." आबांची छाती फुगली. "तुझ्या बापाला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. चल, उद्याचं बोर्ड वाच."

ती खाली बसली, घसा साफ केला आणि पहिल्या खटल्यापासून वाचायला लागली.