भर सत्कारात सुरू झालेला डंका

मिरची कांडल्याचा तिखट वास आला की मला सणसरमधला आमच्या आईचा सत्कार आठवतो. नव्वदच्या दशकातला उन्हाळा, मसाल्याचे दिवस. आईचा मिरची-मसाला कांडायचा डंका होता, म्हणून गावातल्या रिकामटेकड्या पुढाऱ्यांनी तिला ‘उद्योजिका’ ठरवलं आणि दुकानासमोरच मांडव घातला. भोंग्याला वीज आमच्याच दुकानातून ओढली आणि डंका बंद ठेवायला लावला, का तर त्याच्या धडधडीत भाषण ऐकू येणार नाही. घरून मसाला भाजून आणलेल्या बायका आपापल्या डब्याजवळ ताटकळत बसल्या. पाहुणे दोन तास उशिरा उगवले. आईच्या खांद्यावर शाल टाकून ‘या ताईंचे पापड मी आवडीनं खातो’ असं ठोकून दिलं आणि छोट्या धंद्यांना हातभार लावण्यावर घसरले. आईनं जन्मात पापड विकला नव्हता. ती भर भाषणात उठली. आयोजक कुजबुजला, “मावशी, बसा की, तुमचाच सत्कार हाय.” “व्हय, पर बायकांचा मसाला सादळाय लागलाय,” म्हणत ती दुकानात शिरली, भोंग्याची वायर उपटली आणि डंका सुरू केला. मिरचीचा खकाणा थेट मांडवात घुसला. हातभार लावणारे पाहुणे नाकाला रुमाल लावून शिंकत गाडीकडं पळाले. परवा असल्याच एका सत्काराला पाहुणा म्हणून या, असा मला फोन आला. मी विचारलं, “त्या दिवशी सत्कारमूर्तींची दुकानं उघडी राहणार का?” पलीकडचा खदाखदा हसला. त्याला तो विनोद वाटला.