नाहिदचा पंखा

“अवं पोरी, उलटा फिरून राह्यला हा पंखा! सारा कापूस माह्या तोंडावर!”

“मंग जाळीसमोर तोंड कायले नेता, काका? व्हा बाजूले.”

मारेगावच्या जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या बैलबंड्या खोळंबल्या होत्या. भाव पडलेला, रांग हलत नव्हती. त्यातच रामरावांची जुनी पांढरी अँबेसिडर अडकलेली, अन् उघड्या बोनेटखाली नाहिद, ओढणी कमरेला खोचून.

अब्दुल गनी मिस्त्रीचे हात थरथरायला लागल्यापासून गॅरेज तीच चालवायची. नाव मात्र बापाचंच. काम जमलं की, ‘गनीमिस्त्रीचा हात!’ बिघडलं की, ‘पोरीनं हात लावला असंन.’

रामरावांची गाडी या रांगेत रोज उकळायची. गाडी रांगली की इंजिनाच्या पट्ट्यावरचा पंखाही रांगायचा. म्हणून नाहिदनं तो काढून भंगारातल्या व्हॅनचा विजेचा पंखा बसवला. बॅटरीवर चालणारा, गाडी उभी असली तरी गरगरणारा.

“तारा उलट्या जोडल्या मी,” ती म्हणाली. “माहीच चूक.”

तारा सोडवायला वाकली अन् थबकली. रेडिएटरला हंगामभर चिकटलेला कापूस उलट्या हवेनं भसाभसा बाहेर पडत होता.

“काका, चुकीतच इलाज हाय!” तिनं पेटीतून दुहेरी बटण काढलं. “वर केलं का हवा ओढते. खाली केलं का कापूस थुकते.”

तापमानाचा काटा उतरला. रामरावांची कळी खुलली.

“कोनं बसवला जी पंखा?” मागच्या बंडीवरून खेमसिंगनं विचारलं.

“गनीमिस्त्रीनं!”

“अब्बा घरी निजले हायेत, काका.”

रामराव आवाज दाबून म्हणाले, “बाईनं गाडी खोलली म्हटलं तर लोकं मले हासतीन. अन् तुह्याकडं कोन येईन मंग? भल्याचं सांगून राह्यलो.”

“तारा उलट्या लागल्या तेव्हा अब्बाचं नाव नाही घेतलं तुमी.”

“कायले इतकं लावून घेतं?” मग खेमसिंगला ऐकू जाईल असं मोठ्यानं, “गनीनंच बसवला! हो ना वं, नाहिद?”

नाहिदनं डॅशबोर्डखाली हात घातला. पंख्याचा फ्यूज उपसला, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला. पंखा घरघरत थांबला.

“अवं! उकळंन ना गाडी! बोल तर काही!”

पान्ह्यांची पेटी उचलून ती बंड्यांमधून चालू लागली होती.