न आवळलेला क्लॅम्प : पेठच्या डोंगरात पाच दिवस

हा लेख मी सात दिवस टाळतोय. पहिल्यांदा फोटो निवडायला बसलो आणि दोन तास जुन्या ट्रिपचे फोटो बघत राहिलो. दुसऱ्यांदा एक ओळ लिहिली, "पेठचा डोंगर उन्हाळ्यातही सुंदर दिसतो," आणि माझीच मला लाज वाटली. कारण त्या डोंगरात एका पाड्यावर सहा इंची बोअरमध्ये आठ पाइप पडलेत. माझ्यामुळे. मी टाकलेला हापशीचा व्हिडिओ बघून तुम्ही विचारताय, जायचं कसं, राहायचं कुठे. सगळं सांगतो, फक्त पाड्याचं नाव सांगणार नाही. त्यांना सध्या पाहुणे नकोत, पाणी हवंय.

माझा मित्र योहान तिथला. तीन वर्षांपूर्वी द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावकडे एका पॅकहाउसला आम्ही शेजारी उभे राहून पेट्या भरायचो. तो हंगाम संपेपर्यंत टिकला, मी बारा दिवस. त्यानंतर मी कुरिअर केलं, मोबाइलच्या दुकानात बसलो, मध्येच गोव्याला गेलो. त्याआधी पप्पांनी, ते मनमाडला रेल्वेत फिटर होते, मला आयटीआयला फिटरलाच घातलं होतं. सहा महिन्यांत सोडलं. तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. योहानने मात्र मला कधी सोडलं नाही. तो पॅकहाउस सोडून गावी गेला, हापशा दुरुस्त करायला शिकला आणि आता आजूबाजूच्या पाड्यांवर तेच करतो. आम्ही दोघंही ख्रिस्ती. तो मनापासून, मी दाखल्यावर. आई गेल्यापासून मी चर्चची पायरी फक्त लग्नाच्या जेवणासाठी चढायचो.

त्याचा फोन आला. "उत्तम शुक्रवारला ये. मला पाचवा उद्गार मिळालाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते. क्रूसावरून येशू सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. महिनाभर आधी वाटणी होते. पाचवा उद्गार तहानेचा.

"आणि हापशी बसलीय," तो म्हणाला. "वायसर गेलेत. ही एकच हापशी जूनपर्यंत पाणी देते. एकट्याने उघडता येत नाही रे. पान्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागतो."

"तिकडे कुणी नाही का?"

"सगळे बागांवर कामाला गेलेत. आणि मला तू पाहिजेस."

गुरुवारी सकाळी निघालो. नाशिकहून पेठ साठेक किलोमीटर, रस्ता चांगला आहे. एसटी आहे, पण मी स्कूटीवर गेलो, जाऊन-येऊन तीनशेचं पेट्रोल. शहर सुटताच रामशेज दिसतो. योहान दुपारी वाट बघतोय हे माहीत असून मी किल्ल्याखाली गाडी लावली आणि अर्ध्यापर्यंत चढून आलो. मग करंजाळीला चहा, मग कुणी करवंदं विकतंय म्हणून थांबलो. द्राक्षबागा मागे पडतात, घाट लागतो, आणि डोंगर एकदम तपकिरी होतो. पेठच्या पुढे डांबर संपतं. शेवटचे चार किलोमीटर स्कूटी हातात धरून चालवण्याची तयारी ठेवा.

पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. योहान हापशीपाशी बसला होता, सगळे पाने ओळीने मांडून.

"आज उघडायची होती," एवढंच म्हणाला.

"उद्या सकाळी करू की."

"उद्या बाराला उपासना आहे."

"होऊन जाईल रे!"

त्याच्या आईने नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि लाल ठेचा वाढला. राहायची सोय म्हणजे त्यांचं अंगण. पैसे विचारले तर त्या माऊलीने माझ्याकडे असं बघितलं की परत विचारलं नाही.

शुक्रवारी सात वाजता हापशी उघडली. आता थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोअरमध्ये दहा-दहा फुटांचे अकरा पाइप एकाखाली एक जोडून सोडलेले असतात. एकेक वर ओढायचा, खालच्याला क्लॅम्पने गच्च धरायचं, वरचा फिरवून काढायचा. क्लॅम्प सुटला तर खालचे सगळे पाइप पाताळात. क्लॅम्प माझ्याकडे होता.

तीन पाइप निघाले. बाया हंडे घेऊन येऊन बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "आज दुपारपर्यंत पानी येतंय गं." मला वाटलं हे सगळं व्हिडिओत घ्यावं. डाव्या हातात फोन, उजव्या हाताने क्लॅम्पचा दांडा.

"आवळलास?" योहानने विचारलं. तो वरच्या पाइपला पाना लावत होता, त्याला माझे हात दिसत नव्हते.

"हो."

अर्धाच आवळला होता. "हो" म्हणून झाल्यावर आवळू, असं डोक्यात होतं. माझ्या डोक्यात नेहमी असंच असतं.

आधी काहीच नाही. मग लोखंड घसरत गेल्याचा लांबलचक आवाज आणि खूप खाली धप्प. बायांपैकी एक उठून उभी राहिली, परत बसली.

योहान पाना टाकून माझ्याकडे आला. माझे दोन्ही हात त्याने उलटेपालटे केले. "बोटं आहेत ना सगळी?" बोटं होती. मग तो बोअरपाशी गुडघ्यांवर बसला आणि आत बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाराला घंटा झाली. चर्च म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर पत्रा, आत चटया. त्या दिवशी तिथे तीन वाजेपर्यंत कुणी पाणीही पीत नाही. लहान पोरांना सूट. मी सगळ्यात मागे बसलो. एकेक उद्गार, मग ढोलकीवर गीत, मग पुढचा. माझ्या जिभेला कोरड पडली होती आणि मी मिनिटं मोजत होतो. तो आता सांगणार. सगळ्यांसमोर माझं नाव घेणार.

पाचव्या उद्गाराला योहान उठला. शर्टाला ग्रीस तसंच. खिशातून कागद काढला, पण उघडला नाही.

"पंधरा दिवस मी तहानेवर लिहीत होतो," तो म्हणाला. "आज सकाळी माझ्या हातून पाइप सुटले. हापशी आता लवकर चालू व्हायची नाही. तहानेबद्दल मी तुम्हाला काय शिकवू? मला माफ करा."

बसला. ढोलकीवाल्याला गीत सुरू करायचं भान राहिलं नाही.

मी केलेलं त्याने स्वतःवर घेतलं होतं. समोर भिंतीवर दोन फळ्यांचा क्रूस होता. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेली गोष्ट, दुसऱ्याचं आपल्यावर घेणाऱ्याची. ती माझ्या ओळखीच्या माणसाने, ग्रीसच्या शर्टात, माझ्यासाठी केलेली मी पहिल्यांदा बघत होतो. आणि खोटं वाटेल, मला कृतज्ञ वगैरे काही वाटलं नाही. मला पळावंसं वाटलं.

स्कूटीची चावी खिशात होती. बाहेर पडलो, गाडी ढकलत उतारावर नेली म्हणजे आवाज नको. पाड्याखाली जिथे रस्ता फुटतो, तिथे ओढ्यात झिरा आहे. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा, त्यात हळूहळू पाणी जमतं. हिराबाई नावाची एक बाई खड्ड्यात उतरून करवंटीने पाणी खरवडत होती. ती चर्चला जात नाही, पाड्यावर दोन्ही प्रकारची घरं आहेत.

"योहानचा दोस्त ना तू?" तिने वर बघून विचारलं. "झाली का हापशी?"

मी हँडलवर डोकं टेकलं. तिला वाटलं मला ऊन लागलं. तिने हंड्यातून तांब्या भरला आणि वर केला. "घे, पी. बेशुद्ध पडशील."

मी प्यायलो. उपास मोडला, तोही गटागटा. मग हंड्यात बघितलं. तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं.

"किती वेळ लागला एवढ्याला?"

"सकाळधरनं हाय की इथंच," ती म्हणाली आणि परत खाली वाकली.

मी गाडी तिथेच लावली. चढावर धावत गेलो. पोचलो तेव्हा सातवा उद्गार चालू होता. शेवटची प्रार्थना झाली, लोक उठायला लागले, आणि मी "थांबा" म्हणालो. आवाज चिरकला.

"पाइप योहानच्या हातून नाही सुटले. क्लॅम्प माझ्याकडे होता. त्याने विचारलं आवळलास का, मी हो म्हणालो. आवळला नव्हता. फोन बघत होतो."

पुढच्या चटईवर लक्ष्मणबाबा बसले होते, पाड्यातले सगळ्यात जुने विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती. ते मान न वळवता म्हणाले, "ठाऊक आहा. योहानच्यानं पाइप सुटत नाय. लय वरसं बघतोय त्याला."

कुणीतरी फिसकन हसलं. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी योहानकडे बघितलं. "आणि तू रे, क्रूसासमोर उभा राहून खोटं बोललास. ते आपण वेगळं बघू."

पण एक बाई हसली नाही. "ते जाऊ द्या. उद्या पानी कोन आननार?"

"मी," मी म्हणालो.

"डोक्यावर हंडा धरता येतो?"

"नाही."

"मग कमरंवर घे, नवरीसारखा."

शनिवारी मी सकाळपासून झिऱ्यावर. अकरा खेपा. पहिल्या तीन खेपांत निम्मं पाणी माझ्या पँटवर. बाया वाटेत उभ्या राहून बघत होत्या, एक म्हणाली, "तुझा व्हिडिओ काढू का?" मी म्हटलं, काढा. दुपारी योहान आणि मी दोरीला गळ बांधून बोअरमध्ये सोडला. लोखंडाला लागल्याचा आवाज यायचा, दोरी ताणली जायची, आणि सुटायची. वीसेक वेळा.

"याला अवजार लागतं," योहान म्हणाला. "नीट घडवलेलं, निमुळतं, पाइपाच्या तोंडात फिरवून घट्ट बसेल असं. नाशकात वर्कशॉपला विचारावं लागेल. माप कुणाला तरी कळलं पाहिजे."

माप कळणारा एकच माणूस मला माहीत होता. पाड्यावर फोनला रेंज नाही, टेकडीवर एका दगडावर उभं राहिलं तर येते. चार वर्षांनी नंबर लावला.

"पप्पा, मी अभय."

मी सगळं सांगितलं, एका दमात.

"क्लॅम्प कोणी धरला होता?"

"मी."

"पाइप किती इंची?"

"सव्वा."

"वरच्या टोकाला सॉकेट आहे का उघडे आटे?"

योहानकडे बघितलं. "सॉकेट, आतून आटे," तो म्हणाला.

"सॉकेट, पप्पा."

फोन कट झाला. रेंज गेली की त्यांनी ठेवला, मला कळलं नाही. परत लावला, उचलला नाही. नाशकातल्या खोलीचा पत्ता मेसेज करून ठेवला.

रविवारी, ईस्टरच्या पहाटे, सगळे टेकडीवर जातात. सूर्य वर यायच्या आत पोचायचं, आणि तो दिसला की "येशू उठला आहे" म्हणायचं. हे तुम्ही कधी बघायला गेलात तर मागे उभे राहा आणि फोन खिशात ठेवा. मी ठेवला होता. हापशी कोरडीच होती, कुठलाही चमत्कार झाला नव्हता. तरी लोक एकमेकांना मिठी मारत होते. मी आईनंतर पहिल्यांदा प्रार्थना केली. मोठी नाही. मला इथून पळू देऊ नकोस, एवढीच.

सोमवारी निघताना मी योहानला म्हणालो, "आठ दिवसांत अवजार घेऊन येतो."

त्याने माझं हेल्मेट नीट केलं. "नाही जमलं तरी ये."

"आणि मग पुढे? पुढच्या हापशीला?"

"दुसऱ्या टोकाला कोण धरणार, हे विचारतोयस?" तो हसला. "मी तर तीन वर्षांपासून तुलाच विचारतोय."

मागून लक्ष्मणबाबा कुणाला तरी म्हणाले, मला ऐकू जाईल एवढ्या जोरात, "येतोय कशाला परत."

आज परत सोमवार. उद्या आठ दिवस होतील. नाशिकमध्ये चार वर्कशॉप फिरलो. एक म्हणाला चित्र काढून आण. एकाने चित्र बघून हातच जोडले. तिसऱ्याने पुढचा आठवडा सांगितला, चौथ्याचं शटर बंद, फोनही उचलत नाही. खोलीवर बसून हिशेब करतो की मी आयुष्यात इतके दिवस एकाच गोष्टीमागे कधी लागलो होतो का. नाही. मला ट्रिपमधून काय मिळालं असं तुम्ही नेहमी विचारता. काम मिळालं. पान्याचं दुसरं टोक. ते धरायला कुणीतरी माझं नाव घेऊन बोलावतंय, आणि त्या बोलावण्यात मला योहानचाच नाही, अजून एक आवाज ऐकू यायला लागलाय. त्याबद्दल जास्त बोलता येत नाही, माझं शिक्षण तेवढं नाही. पण अवजार मिळालं नाही तर उद्या मोकळ्या हाताने जाणार, हे पक्कं केलंय. हंडे तरी वाहीन. लक्ष्मणबाबा चुकीचे ठरावेत एवढीच

थांबा. खालून घरमालकीण बाई हाका मारतायत.

"अभय! अरे खाली ये, मनमाडहून तुझे पप्पा आलेत! हातात गाजरासारखं काहीतरी लोखंडी आहे, आटे पाडलेलं. घरात यायला तयार नाहीत, विचारतायत पेठची गाडी किती वाजता!"